डिझेलच्या टाकीतले पाणी काढताना या चुका टाळा

पावसाळ्यात डिझेल गाडीच्या डॅशबोर्डवर फिल्टरमध्ये पाणी आल्याचा दिवा लागला, की बहुतेक जण फिल्टरखालचा स्क्रू सैल करून पाणी सोडतात, दिवा विझल्याची खात्री करतात आणि गाडी पुन्हा रस्त्यावर आणतात. पाणी चमचाभर असेल तर एवढ्याने भागते. पण तोच दिवा थोड्याच दिवसांत पुन्हा लागला, तर मूळ पाणी टाकीच्या तळाशी आहे असे समजावे. डिझेल पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे पाणी खाली बसते, आणि इंधन ओढणारी नळीही तळाजवळच असल्यामुळे गाडी चालू केली की आधी तेच पुढे जाते. म्हणून सफाईचा क्रम टाकीकडून इंजिनाकडे असा असावा लागतो. प्रत्यक्षात तो अनेकदा उलटा चालतो, आणि पुढच्या बहुतेक चुका त्या उलट्या क्रमातूनच होतात.

पाणी आल्याचे कळूनही सेल्फ मारणे

सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. कॉमन रेल इंजिनात (ज्यात सर्व इंजेक्टरांना एकाच सामाईक नळीतून, म्हणजे रेलमधून, इंधन मिळते) इंधनाचा दाब १,६०० बार (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाइतका) किंवा त्याहून अधिक असतो, आणि उच्च दाबाचा पंप व इंजेक्टर यांतील हलणाऱ्या भागांमध्ये काही मायक्रॉनचीच (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) फट असते. या भागांना वंगण मिळते ते डिझेलचेच. पाणी तिथे पोहोचले की धातू धातूवर घासतो, गंज धरतो, आणि इंजेक्टरच्या तापलेल्या टोकाशी पाण्याची एकदम वाफ होऊन नोझलचे टोक फुटूही शकते. पिकअप कमी होणे, मिसिंग, पांढरा धूर, किंवा चढावर अचानक दम तोडणे ही लक्षणे डिझेल भरल्यानंतर लगेच दिसू लागली, तर गाडी बाजूला घेऊन बंद करावी आणि टो करून न्यावी. ज्या गाड्यांच्या टाकीत विजेचा पंप असतो, त्यांत नुसती चावी फिरवली तरी तो काही सेकंद चालतो व पाणी पुढे ढकलतो, हे पुष्कळांना माहीत नसते. ‘बघू, चालू होते का’ म्हणून केलेले प्रयत्न फिल्टर बदलण्याच्या खर्चाचे रूपांतर चार इंजेक्टरांच्या खर्चात करतात.

पुरात उभ्या राहिलेल्या गाडीबाबत तर हे अधिकच पाळावे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात किंवा जुलै २०२१ मध्ये चिपळुणात आला तसा पूर आला, की टाकीची हवा खेळवणारी नळी पाण्याखाली जाते आणि टाकीत पाणी शिरण्याची वाट मोकळी होते. अशा वेळी पाण्यासोबत बारीक गाळही आत येतो. शिवाय बुडालेल्या गाडीला सेल्फ मारून इंजिन निकामी झाले, तर इंजिन संरक्षणाचे जादा कलम घेतले नसल्यास विमा कंपन्या ते नुकसान बहुधा नाकारतात.

कारण न तपासता पेट्रोल पंपाला किंवा हवेला दोष देणे

अर्धी रिकामी टाकी ठेवली की हवेतल्या बाष्पाचे पाणी होऊन साचते, असे सर्रास सांगितले जाते. त्यात तथ्य आहे, पण प्रमाण फार लहान आहे. ३० अंश तापमानाला पूर्ण दमट हवेच्या एका घनमीटरमध्ये सुमारे ३० ग्रॅम बाष्प मावते. म्हणजे पन्नास लिटरच्या पूर्ण रिकाम्या टाकीतील सगळे बाष्प जमले तरी जेमतेम दीड मिलिलिटर पाणी होईल. महिनोन्महिने उभ्या असलेल्या गाडीत अशी भर पडत राहते हे खरे; परंतु रोज चालणाऱ्या गाडीच्या फिल्टरमधून कपभर पाणी निघाले, तर त्याचा दोष हवेवर ढकलता येणार नाही. बीएस-६ (भारतातील वाहन-प्रदूषणाचे मानक) डिझेलमध्ये प्रति किलो २०० मिलिग्रॅमपर्यंत पाणी चालते, म्हणजे पन्नास लिटरमागे साधारण आठ मिलिलिटर. त्याहून बरेच अधिक पाणी निघत असेल, तर ते कुठून तरी शिरले आहे.

पेट्रोल पंपावर घनता तपासून ती योग्य आली, म्हणजे डिझेलमध्ये पाणी नाही, हा निष्कर्षही चुकीचा आहे, कारण पाणी पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत तळाशी असते आणि वरून घेतलेल्या नमुन्याच्या घनतेत ते उतरत नाही. त्यासाठी टाकीत सोडायच्या पट्टीला पाणी ओळखणारी पेस्ट लावून पाहतात. पाणी असेल तिथपर्यंत पेस्टचा रंग बदलतो. ही तपासणी ग्राहक मागू शकतो. आपल्या गाडीतील डिझेलचा नमुना मात्र सफाई सुरू होण्यापूर्वी स्वच्छ, कोरड्या काचेच्या बाटलीत घेऊन तो काही तास स्थिर ठेवावा आणि पावती जपून ठेवावी. टाकी धुतल्यावर तक्रारीला काही आधार उरत नाही.

टाकीत काहीतरी ओतून पाणी ‘जिरवणे’

स्पिरिट, पेट्रोल, रॉकेल आणि बाटलीबंद द्रव्ये यांचा सल्ला हमखास मिळतो. पेट्रोलमुळे डिझेलचे वंगण कमी होते आणि ते सहज पेट घेण्याच्या पातळीवर येते. स्पिरिट डिझेलमध्ये नीट मिसळतच नाही. पाणी बारीक थेंबांत विखुरणारी द्रव्ये तर फिल्टरलाच निष्प्रभ करतात, कारण थेंब मोठे असतील तरच फिल्टर ते अडवून खालच्या कपात जमवू शकतो. दुधाळ झालेले डिझेल सरळ पंपापर्यंत पोहोचते. अत्यल्प ओलाव्यासाठी या द्रव्यांचा उपयोग असेलही, पण तळाशी साचलेल्या पाण्याला उपाय एकच, ते बाहेर काढणे.

वरवर ओढून टाकी रिकामी झाली असे मानणे

आजच्या गाड्यांच्या प्लॅस्टिक टाक्यांना तळाचा बूच सहसा नसतो, आणि इंधन भरण्याच्या नळीतून पाइप घालावा तर वाकण व झडपा आड येतात. तोंडाने डिझेल ओढणे तर सर्वथा वर्ज्य आहे. ते फुप्फुसात गेल्यास जीवावर बेतते. बऱ्याच गाड्यांत मागच्या सीटखालील झाकण काढल्यावर पंपाचा संच दिसतो. बॅटरीची ऋण तार सोडवून, सभोवतालची माती पुसून तो संच काढावा आणि हाताने चालणाऱ्या किंवा इंधनासाठीच बनवलेल्या पंपाने टाकीच्या सर्वांत खोल भागातून द्रव ओढावा. गाडी आधी काही तास हलकेच एका बाजूला उतार देऊन उभी केली, तर पाणी एका कोपऱ्यात गोळा होते आणि काम सोपे होते.

इथे दोन जागा हटकून राहतात. पंपाच्या संचाभोवती इंधन साठवणारी एक छोटी वाटी असते. तिच्यातले पाणी तसेच राहिले, तर नवे डिझेल भरल्यावरही पहिला घोट पाण्याचाच जातो. दुसरी जागा टाकीतील आडव्या पडद्यांच्या मागची. फिल्टरवर काळा, बुळबुळीत थर दिसत असेल, तर पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर वाढणाऱ्या बुरशीने व जिवाणूंनी टाकी धरली आहे. तेव्हा टाकी उतरवून आतून पुसून घेण्याला पर्याय नाही. काही ठिकाणी टाकी साबणाच्या पाण्याने धुतात आणि कॉम्प्रेसरने वाळवतात, पण पावसाळ्यात गॅरेजच्या कॉम्प्रेसरच्या टाकीतच पाणी असते, ते आधी सोडले नाही तर वाळवण्याच्या नावाखाली नवी फवारणी होते. माझ्या मते स्वच्छ डिझेलने विसळणे आणि धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसणे हेच बरे.

नव्या फिल्टरआधी नळ्या विसरणे आणि हवा काढताना जुनी सवय चालवणे

टाकी स्वच्छ झाल्यावर फिल्टरकडे येणारी नळी सोडवून, टाकीतले नवे डिझेल बाटलीत स्वच्छ दिसेपर्यंत ते बाहेर सोडावे. परतीची नळीही तशीच मोकळी करावी. त्यानंतरच नवा फिल्टर बसवावा, रबरी रिंग नवी घालावी आणि हँडपंपाने किंवा टाकीतील पंप वारंवार चालू करून हवा काढावी. फिल्टर पटकन भरावा म्हणून त्याच्या इंजिनाकडील बाजूने डबड्यातले डिझेल ओतले, तर न गाळलेला कचरा सरळ पंपात जातो.

जुन्या इंजिनांवर शिकलेले काही मेकॅनिक अजूनही इंजेक्टरच्या नळीचा नट सैल करून सेल्फ मारतात. कॉमन रेलमध्ये हे कधीही करू देऊ नये. त्या दाबाची बारीक धार कातडी भेदून आत जाते, आणि जखम वरून टाचणीएवढी दिसली तरी तातडीने शस्त्रक्रिया लागू शकते. सेल्फही एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये आणि मध्ये मोटरला उसंत द्यावी. एवढे करूनही गाडी खडखडत असेल, तर उच्च दाबाच्या पंपाच्या तोंडाशी चकाकणारा धातूचा चुरा आहे का ते पाहावे. चुरा दिसला तर पंप गेला असून रेल, इंजेक्टर आणि परतीची नळी तपासल्याशिवाय नवा पंप बसवणे व्यर्थ ठरते.

डीईएफला पाणी समजणे

बीएस-६ च्या काही डिझेल गाड्यांना निळ्या झाकणाच्या वेगळ्या टाकीत डीईएफ, म्हणजे धुरातील प्रदूषण कमी करणारे युरियाचे द्रावण, लागते. त्यात ३२.५ टक्के युरिया असतो. ते चुकून डिझेलच्या टाकीत पडले, तर वरील उपाय अपुरे आहेत, कारण सुकल्यावर युरियाचे खडे पंपात व नळ्यांत राहतात. चावीसुद्धा न लावता गाडी कार्यशाळेत न्यावी.

काम झाल्यावर पन्नास-शंभर किलोमीटर चालवून फिल्टरचा स्क्रू पुन्हा सैल करून पाहावा. परत पाणी आले, तर टाकीच्या झाकणाची रबरी रिंग, झाकणाभोवतीच्या खोबणीतले बुजलेले निचऱ्याचे भोक आणि हवा खेळवणारी तुटकी नळी या तीन जागा तपासाव्यात. त्या खोबणीत साचलेले पावसाचे पाणी, किंवा सर्व्हिसिंगच्या वेळी तिथे मारलेली प्रेशर वॉशरची धार, झाकणावाटे झिरपत राहते. काढलेले पाणीमिश्रित डिझेल गटारात न सोडता बंद डब्यात, ठिणगीपासून दूर ठेवून वापरलेले ऑइल घेणाऱ्या अधिकृत संकलकाकडे द्यावे.