छोट्या रिव्हॉल्व्हरवर टेक्सासची एलटीसी परीक्षा कशी द्यावी

टेक्सासमध्ये 1 सप्टेंबर 2021 पासून, कायद्याने बंदी नसलेल्या प्रौढ माणसाला परवान्याशिवायही हँडगन जवळ बाळगता येते. तरीही ‘लायसन्स टू कॅरी’, म्हणजे एलटीसी, काढावेच असे माझे स्पष्ट मत आहे. शाळेच्या हजार फुटांच्या परिसरात बंदूक बाळगण्यावर केंद्रीय कायद्याची जी बंदी आहे, तिच्यातून परवानाधारकाला सूट मिळते, आणि इतर बरीच राज्ये हा परवाना मानतात. शिवाय त्यानिमित्ताने बळाचा वापर केव्हा करता येतो आणि केव्हा नाही, हे शिकावे लागते.

बरेच जण रोज बाळगायला पाच गोळ्यांचे छोटे रिव्हॉल्व्हर घेतात आणि परीक्षेला मात्र कुणाचे तरी जड पिस्तूल मागून नेतात. 2013 पर्यंत यामागे कारण होते. रिव्हॉल्व्हरवर परीक्षा दिली तर सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल बाळगता येत नसे. तो भेद आता राहिलेला नाही. तेव्हा जे बाळगणार, त्याच्यावरच परीक्षा द्या.

सगळ्यात आधी व्हिसा

आपल्या मराठी मंडळींसाठी हे महत्त्वाचे. एच-1बी, एच-4, एल-1, एफ-1 किंवा बी-2 अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर असणाऱ्यांना केंद्रीय कायद्याने बंदूकच काय, काडतूसही बाळगता येत नाही. शिकारीचा वैध परवाना असल्यासारखे मोजके अपवाद आहेत. शूटिंग रेंजवर भाड्याने घेतलेली बंदूक हातात धरणेही यात येते. भारतातून आलेल्या आईवडिलांना हौसेने रेंजवर नेऊन ‘एक गोळी झाडून बघा’ म्हणू नका. हा गंभीर गुन्हा आहे आणि इमिग्रेशनच्या दृष्टीने महागात पडतो. ग्रीन कार्डधारकांना ही बंदी लागू नाही.

हातातले हत्यार समजून घ्या

.38 स्पेशल काडतुसाचे स्मिथ अँड वेसन 642 किंवा रुगर एलसीआर ही या प्रकारातली नेहमीची नावे. नळी जेमतेम दोन इंचांची. 642 चा घोडा चौकटीच्या आत झाकलेला असतो, त्यामुळे खिशातून काढताना तो कपड्यात अडकत नाही. पण तो हाताने मागे ओढून चाप हलका करण्याची सोयही राहत नाही. प्रत्येक गोळीला पूर्ण लांब चाप ओढावा लागतो.

दुकानात बायकांना आणि वयस्कर माणसांना हटकून हेच रिव्हॉल्व्हर दाखवतात, कारण याला पिस्तुलासारखी स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे खेचावी लागत नाही. पण रिव्हॉल्व्हर असते सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास, आणि त्याचा चाप ओढायला पाच-साडेपाच किलोचा जोर लागतो. त्या जोराने नळी हलते आणि गोळी खाली किंवा बाजूला जाते. बोटांत संधिवात असेल तर विकत घेण्याआधी दुकानदाराची परवानगी घेऊन रिकाम्या रिव्हॉल्व्हरचा चाप सलग पाच वेळा ओढून पाहा. पाचव्या वेळी बोट थरथरत असेल तर दुसरे काही बघा.

सराव घरी, काडतुसाविना

खरी तयारी इथे होते. दारूगोळ्यावर पैसे उडवून जे साधत नाही, ते रोजच्या दहा मिनिटांच्या कोरड्या सरावाने साधते.

सगळी काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवा. सिलिंडर उघडून पाचही कप्पे डोळ्यांनी पाहा, मग बोटाने चाचपा. खोट्या काडतुसांनी, म्हणजे स्नॅप कॅपनी, ते भरा आणि ज्या भिंतीपलीकडे कुणी नाही तिकडे नेम धरा.

मूठ जितकी वर धरता येईल तितकी धरा. पिस्तुलाची सवय असलेले दोन्ही अंगठे पुढे, नळीच्या दिशेने ठेवतात. इथे तसे अजिबात चालणार नाही. सिलिंडर आणि नळी यांच्यामधल्या फटीतून तापलेला वायू जोरात बाहेर पडतो आणि बोट तिथे असेल तर भाजते, कापतेही. अंगठे खाली मुडपून एकावर एक ठेवा.

आता नजर पुढच्या माशीवर, म्हणजे नळीच्या टोकावरच्या नेम धरायच्या उंचवट्यावर. चाप न थांबता, एकाच वेगाने मागे आणा. घोडा पडला त्या क्षणी माशी हलली का, एवढेच पाहा. अर्ध्यात थांबून ‘आता नेम बसला’ म्हणत उरलेला चाप झटक्यात ओढण्याचा मोह होतो आणि नेम तिथेच बिघडतो. नंतर चाप पूर्ण पुढे जाऊ द्या. घाईत तो अर्धवट सोडला तर पुढच्या वेळी अडकतो किंवा एक कप्पा वाया जातो.

परीक्षेचे लक्ष्य काळे असते आणि या रिव्हॉल्व्हरची माशीही बहुधा काळी किंवा राखाडी, म्हणून ती दिसेनाशी होते. माशीच्या तिरप्या पृष्ठभागावर आधी पांढऱ्या आणि मग भडक नारिंगी नेलपॉलिशचा एक हात द्या. फरक लगेच कळतो.

रेंजवर

काडतुसे 148 ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप) वॉडकटर, म्हणजे सपाट टोकाच्या गोळीची, घ्या. धक्का सौम्य असतो आणि कागदाला स्वच्छ गोल भोक पडते, त्यामुळे गुण मोजताना वाद होत नाही. आखूड नळीचा आवाज कानठळ्या बसवणारा असतो. कानात बोळे आणि वर मफ, दोन्ही वापरा.

दचकण्याची सवय मोडायला रिव्हॉल्व्हरसारखे साधन नाही. तीन कप्प्यांत काडतुसे आणि दोनांत झाडलेल्या पुंगळ्या भरा, न बघता सिलिंडर फिरवून बंद करा. पुंगळीवर घोडा पडेल तेव्हा नळी खाली झुकली तर दोष तुमच्या हाताचा आहे हे स्वतःलाच दिसते.

पुंगळ्या काढताना नळी आकाशाकडे करा आणि तळहाताने सिलिंडरचा, पुंगळ्या बाहेर ढकलणारा दांडा एकदाच जोरात दाबा. छोट्या रिव्हॉल्व्हरचा दांडा आखूड असतो. हळू दाबला तर पुंगळ्या अर्ध्याच बाहेर येऊन अडकतात. भरताना नळी जमिनीकडे.

गोळी झाडल्यावर नेहमीच्या धडाक्याऐवजी फुसका आवाज आला तर हात तिथेच थांबवा. गोळी नळीत अडकलेली असू शकते. प्रशिक्षकाला बोलवा.

परीक्षा

लक्ष्य बी-27, म्हणजे माणसाची काळी आकृती आणि तिच्यावर आकडे घातलेली वर्तुळे. एकूण 50 गोळ्या: 3 यार्डांवर 20, 7 यार्डांवर 20, 15 यार्डांवर 10. आठच्या वर्तुळात किंवा त्याच्या आत लागली तर 5 गुण, सातच्या वर्तुळात 4, त्याबाहेर पण आकृतीवर 3. एकूण 250 पैकी 175 मिळाले की पास. एका दमात पाचांहून जास्त गोळ्या मागत नाहीत, त्यामुळे घड्याळ चालू असताना पुन्हा भरण्याची वेळ येत नाही. पाच गोळ्यांच्या रिव्हॉल्व्हरला ही परीक्षा छान जुळते.

गणित बघा. पहिल्या दोन अंतरांवरच्या 40 गोळ्या आठच्या आत बसल्या तर 200 गुण तिथेच झाले. म्हणून 15 यार्डांच्या धास्तीने सुरुवातीला घाई करू नका. 3 यार्डांवर एका गोळीला दीड ते दोन सेकंद मिळतात, आणि घरी चाप सरळ ओढायला शिकलात तर ते पुरतात. काडतुसांचे दोन खोके न्या. एखादे काडतूस उडाले नाही तर अडायला नको.

वर्ग 4 ते 6 तासांचा असतो, लेखी परीक्षा वेगळी. पास झाल्यावर प्रशिक्षकाचे प्रमाणपत्र, बोटांचे ठसे आणि 40 डॉलर शुल्कासह ऑनलाइन अर्ज करा. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क हा परवाना मानत नाहीत. टेक्सासमध्येही दारावर 30.06 ची पाटी (लपवून बाळगलेल्या हँडगनला मनाई) किंवा बारमध्ये लाल 51% ची पाटी (निम्म्याहून जास्त कमाई दारूची, म्हणून बंदूक मना) दिसली तर रिव्हॉल्व्हर घेऊन आत जायचे नाही. घरात 17 वर्षांखालील मूल असेल तर त्याच्या हाती भरलेली बंदूक लागेल अशी ठेवणे हाच गुन्हा आहे, म्हणून कुलूपबंद पेटी रिव्हॉल्व्हरसोबतच घ्या.