गाठ नव्हे, गुठळी: एनआयसीयूत नव्याने येणाऱ्या रेसिडेंटसाठी

एनआयसीयूतला (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातला) माझा दुसरा महिना. तीन किलोचं बाळ, उजव्या मांडीतून सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेली नळी. दोन दिवस प्लेटलेट (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) घसरत होत्या आणि आम्ही 'इन्फेक्शनच असणार' म्हणत अँटिबायोटिक बदलत बसलो होतो. लंगोट बदलताना सिस्टर म्हणाल्या, "डॉक्टर, ही मांडी जड लागतेय." टेप लावली, तर डावीपेक्षा घेर दोन सेंटिमीटर जास्त. डॉप्लरमध्ये, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, शिरेत गुठळी दिसली.

नवजात बाळात गुठळी बहुतेकदा आपणच टाकलेल्या लाइनपाशी होते. म्हणून राउंडला "लाइन अजून कशाला हवी?" हे ज्युनिअर असलात तरी विचारा. प्लेटलेट विनाकारण उतरणं, लाइनमधून रक्त मागे न येणं, पाय निळसर पडणं, यातलं काहीही दिसलं तर डॉप्लर मागवा. लघवीतून रक्त आणि कुशीत हाताला लागणारा गोळा असेल तर मूत्रपिंडाची शीर बघायला सांगा. डी-डायमरच्या (गुठळी झाल्यावर रक्तात वाढणारा घटक) नादी लागू नका, नवजातांत तो एरवीही वाढलेला असतो.

औषध, म्हणजे रक्त गोठू न देणारं हेपरिन, सुरू करण्याआधी डोक्याची सोनोग्राफी हवीच. मेंदूत रक्तस्राव असेल तर सगळा बेतच बदलतो. हेपरिन काम करतं ते अँटिथ्रॉम्बिन या रक्तातल्या, गोठणं रोखणाऱ्या प्रथिनाच्या जोरावर, आणि नवजातात ते मोठ्यांच्या निम्म्याच्या आसपास असतं. त्यामुळे बाळ लहान, पण किलोमागे डोस जास्त. एनोक्झापॅरिन या हेपरिनच्याच प्रकाराचा सुरुवातीचा नेहमीचा डोस दोन महिन्यांखाली किलोला १.५ मिग्रॅ, त्यापुढे १ मिग्रॅ, दर १२ तासांनी. डोसनंतर ४ ते ६ तासांनी अँटी-टेन-ए (औषधाचा रक्तातला परिणाम दाखवणारा आकडा) तपासायचं, ते ०.५ ते १ युनिट प्रति मिलीमध्ये हवं. नमुना हेपरिन चालू असलेल्या लाइनमधून घेतलात तर आकडा फसवा येतो.

खरी कसोटी सिरिंजची. तीन किलोला ४.५ मिग्रॅ, म्हणजे १०० मिग्रॅ प्रति मिलीच्या औषधाचे जेमतेम ०.०४५ मिली. आम्ही ते इन्सुलिनच्या सिरिंजने भरायचो. नारिंगी टोपणाच्या १०० युनिटवालीत (१ मिलीला १०० युनिट) एक रेघ, एक युनिट धरलं तर, १ मिग्रॅ. लाल टोपणाच्या ४० युनिटवालीत (१ मिलीला ४०) तेच एक युनिट २.५ मिग्रॅ! एकदा मी लाल सिरिंज हातात घेतली होती, सिस्टरांनी मनगट धरलं. तेव्हापासून दोघांनी मोजल्याशिवाय मी टोचत नाही. डबल चेकचा कंटाळा करणाऱ्यांवर मी आजही चिडते.

आता नातेवाईक. मी बाळाच्या आजीला "रक्ताची गाठ झालीय" म्हणून मोकळी झाले आणि त्या रडू लागल्या. गाठ म्हणजे त्यांच्या लेखी कॅन्सर. मग म्हटलं, "आजी, पिठल्यात गुठळी होते ना, तशी. औषध ती वाढू देत नाही, विरघळवायचं काम बाळाचं शरीरच करतं."

आजींनी डोळे पुसले. "पण मग वेळेवर ढवळायला नको होतं का कुणी?"