परसातल्या कोंबड्या आणि भाजी: गोव्याच्या पावसात टिकेल असं कसं जमवायचं

फोंडा, म्हापसा, मडगाव, पणजीच्या आजूबाजूला अजून भरपूर घरांना मागे परस आहे, दोन माड, एखादं फणसाचं झाड आणि थोडी मोकळी जागा, आणि एवढ्यात चार कोंबड्या आणि घरापुरती भाजी आरामात होते. पण इंटरनेटवर जी माहिती मिळते ती बहुतेक कोरड्या हवेतली असते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर जवळजवळ 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, त्यामुळे इथे खरा प्रश्न एकच, खुराड्यातली जमीन कोरडी कशी ठेवायची. ते जमलं की बाकी सगळं सोपं आहे.

म्हणून पहिलं काम पिल्लं आणणं नाही, पहिलं काम सुका पाला जमवणं. जानेवारी ते मे जो आंब्या-फणसाचा पाला लोक जाळून टाकतात तो पोत्यांत भरून छपराखाली ठेवा, सोबत भाताचा तूस आणि सोडणाचा (नारळाच्या सालाचा) भुसा मिळाला तर उत्तम. खुराड्यात हा थर 4 ते 6 इंच पाहिजे. कोंबड्या तो सतत उकरतात, विष्ठा त्यात मिसळते आणि तिथेच हळूहळू कुजायला लागते, तुम्ही फक्त वरून नवीन पाला टाकायचा आणि आठवड्यातून दोनदा दाताळ्याने वरखाली करायचं. नाकाला अमोनियाचा उग्र वास झोंबला म्हणजे ओल जास्त झाली, लगेच सुका पाला वाढवा, वाट बघू नका, कारण ओल्या थरात कोंबड्यांना रक्ती हगवण लागते आणि लहान पिल्लं त्यात पटापट जातात.

पिल्लं दसरा-दिवाळीच्या सुमारास आणा. पावसाच्या तोंडावर आणू नका प्लीज, कितीही स्वस्त मिळाली तरी. दिवाळीत आणलेलं पिल्लू पाच-सहा महिन्यांनी अंड्यावर येतं आणि जूनचा पहिला पाऊस येईपर्यंत अंगाने पूर्ण भरलेलं असतं. पहिल्या आठवड्यात बल्बखाली 35 अंश ऊब लागते, मग दर आठवड्याला साधारण 3 अंश कमी करत जायचं. थर्मामीटर नसला तरी पिल्लं सांगतात, बल्बखाली गोळा झाली तर थंडी वाजतेय, लांब पळाली तर उकडतंय.

जात कुठली हे अंड्यांवर ठरवा. गावठी कोंबडी वर्षाला 60-70 अंडी देते पण खुडूक बसते आणि पिल्लं स्वतः वाढवते, वनराजा 100 च्या आसपास, ग्रामप्रिया 150 च्या वर. ह्या शेवटच्या दोन्ही हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने परसासाठीच तयार केल्यात. घर वस्तीत असेल तर कोंबडा ठेवू नका, अंड्यांसाठी तो लागत नाही आणि पहाटे चारला शेजाऱ्यांची झोप जाते. सोसायटी असेल तर आधी विचारा, पंचायतीत किंवा पालिकेतही चौकशी करून घ्या.

खुराडं चिऱ्यांच्या जोत्यावर बांधा, जमिनीपासून फूटभर तरी वर. आत प्रत्येक कोंबडीला 4 चौरस फूट जागा, बसायला आडवी काठी, आणि चार कोंबड्यांना एक फूट बाय एक फुटाचं अंडी घालायचं खोकं पुरतं. छप्पर तीन फूट पुढे काढा म्हणजे पावळीचं पाणी आत उडणार नाही, पावसाळी वाऱ्याच्या बाजूला माडाची विणलेली झापं किंवा ताडपत्री लावा, पण वरची पट्टी उघडीच ठेवायची, हवा खेळली नाही तर कोंबड्यांचे श्वासाचे आजार सुरू होतात. जाळी अर्ध्या इंचाची वेल्डेड घ्या. ती पातळ षटकोनी जाळी कोंबडीला आत ठेवते पण मुंगूस, उदमांजर आणि भटक्या कुत्र्यांना अडवत नाही, आणि अंड्यांच्या वासाने धामण येते ती वेगळीच. संध्याकाळी दार न चुकता बंद.

लसीकरण टाळू नका. राणीखेत म्हणजे मानमोडी आली की आख्खा कळप जातो. 5 ते 7 दिवसांच्या पिल्लाला लासोटा ह्या राणीखेतच्या लसीचा डोळ्यात किंवा नाकात थेंब, मग पुढचे डोस आणि देवीची लस सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून. लसीची बाटली शंभर किंवा जास्त डोसांची असते आणि एकदा विरघळवली की दोन तासांत संपवावी लागते, तेव्हा वाड्यावरच्या चार घरांनी एकत्र पिल्लं आणली तर सगळ्यांचंच भागतं.

खाणं: एका कोंबडीला दिवसाला 110-120 ग्रॅम. त्यातलं बहुतेक लेयर मॅश, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य, असू द्या, वर शेवग्याचा पाला, पपई, भाजीची देठं, उरलेला भात. कॅल्शियमसाठी तर आपल्याकडे खजिनाच आहे, तिसऱ्यांच्या शिंपल्या धुऊन वाळवून कुटा आणि वेगळ्या वाडग्यात ठेवा, लागेल तेवढं त्या स्वतः खातात. बांगड्याची डोकी उकडून कधीतरी चालतील, रोज दिली तर अंड्याला वास येतो. खारट आमटी, हिरवा बटाटा, कच्ची कडधान्यं नकोत, आणि बुरशी आलेली पेंड तर अजिबात नको, पावसात ती फार लवकर बुरसते, म्हणून पंधरा दिवसांपुरतंच खाद्य घ्या आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. एप्रिल-मे मध्ये सावली आणि गार पाणी दिवसातून दोनदा बदलून. अंडी धुवू नका, नुसती पुसा, धुतली की वरचं संरक्षक आवरण जातं. श्रावणात घरात अंडं चालत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा नाहीतर शेजाऱ्यांना द्या.

आता भाजी. आपली तांबडी जांभ्याची माती आंबट असते आणि पाऊस तिच्यातलं खत धुऊन नेतो, कोंबडीखत इथे दुहेरी कामाचं कारण त्यात नायट्रोजनबरोबर कॅल्शियमही असतं. पण ताजं कधीच घालू नका, रोपं करपतात, आणि पालेभाजीवर जंतू जातात ते वेगळं. मे अखेर खुराड्यातला जुना थर काढा, छपराखाली ढीग करा, किंचित ओला ठेवून दोन-तीन महिने कुजू द्या. पावसाआधी जमिनीवर पसरलात तर सगळं गटारात जाईल.

जूनमध्ये उंच गादीवाफ्यावर भेंडी, दोडकी, काकडी, चिबूड लावा, गेल्या वर्षीचं कुजलेलं खत मुठीने बुंध्याशी घाला, चतुर्थीच्या माटोळीला (गणपतीवर बांधतात त्या फळाफुलांच्या मांडणीला) घरचं काहीतरी बांधता येतं आणि त्याचं समाधान खरंच वेगळं असतं. नवीन खत ऑक्टोबरपासून वायंगणाला, म्हणजे हिवाळी हंगामाला, वापरा, तांबडी भाजी, मुळा, वांगी, मिरची, अळसांदे. तांबडी भाजी महिन्याभरात काढायला येते. रोपं लहान असताना कोंबड्यांना वाफ्यात सोडू नका, एका तासात उकरून संपवतात. पीक निघालं की मात्र मुद्दाम आठवडाभर सोडा, त्या अळ्या, वाळवी, तणाचं बी सगळं टिपतात आणि तुमची अर्धी मशागत करून ठेवतात, पण त्यांची विष्ठा ताजीच असते, म्हणून ती मातीत दोन-तीन महिने कुजू दिल्यावरच पुढचं बी टाकायचं.