घरून काम, व्हीपीएन आणि रिप्ले हल्ला: या चुका टाळा

"व्हीपीएन लावलाय ना, मग आता कसली भीती?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता उत्तर द्यायच्या आधी चहा मागवतो.

सोसायटीच्या जुन्या गेटचा रिमोट आठवा. बटण दाबलं की दरवेळी तोच सिग्नल. कुणी तो पकडून ठेवला, तर त्याला त्याचा अर्थ कळायची काहीच गरज नाही. रात्री तोच परत सोडला की गेट उघडतं. रिप्ले हल्ला म्हणजे एवढंच. व्हीपीएन म्हणजे घरून ऑफिसपर्यंतचा कुलूपबंद बोगदा, आणि त्यातून डेटा छोट्या तुकड्यांत, म्हणजे पॅकेटमध्ये जातो. पॅकेट कितीही एन्क्रिप्ट (कुलूपबंद) करा, ते न फोडता जसंच्या तसं उचलून पुन्हा पाठवता येतं. म्हणून प्रत्येक बऱ्या व्हीपीएनमध्ये पॅकेटवर चढता क्रमांक असतो, आणि येऊन गेलेला क्रमांक परत आला की ते पॅकेट टाकून दिलं जातं. ही सोय आयती मिळते, आपण फक्त ती बिघडवायची नसते. लोक नेमकं तेच करतात.

लॉगचं तोंड बंद करणं

ओपनव्हीपीएन या सॉफ्टवेअरच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, 'बॅड पॅकेट आयडी (मे बी अ रिप्ले)', म्हणजे क्रमांक चुकला, कदाचित रिप्ले, अशी ओळ दिसली की नवशिक्यांचे दोन प्रकार पडतात. एक घाबरून साहेबांना फोन लावतो. दुसरा गुगलवर पहिलं उत्तर उघडून इशारे म्यूट करणारी ओळ कॉन्फिगमध्ये चिकटवतो आणि जेवायला जातो. मला पहिला परवडतो.

वायफायवर एखादं पॅकेट दोनदा येणं नेहमीचंच आहे, ओपनव्हीपीएनचं मॅन्युअलही तेच सांगतं. पण ती ओळ कुणाच्या घरून येते आणि किती वाजता येते, ही माहिती फुकट मिळतेय, ती का फेकायची? एकाच माणसाची असेल तर मी आधी त्याला लॅपटॉप केबलने राउटरला जोडायला सांगतो. दहातल्या सात वेळा जिन्यातला तो स्वस्त रिपीटर निघतो. सगळ्यांची एकदम येत असेल तर मात्र आपल्याच दारात बघायचं.

आयपीसेक या दुसऱ्या प्रकारच्या व्हीपीएनवाले याच्या पुढे जातात, थेट तपासणीच बंद करतात. २००५ च्या आरएफसी ४३०३ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे दस्तऐवज) रिप्ले विंडो, म्हणजे किती मागच्या क्रमांकापर्यंतचं पॅकेट चालवून घ्यायचं ती मर्यादा, किमान ३२ पॅकेटची हवी आणि ६४ ची बरी, असं लिहिलंय. बरेच राउटर अजून ६४ वरच असतात. आता हिशोब करा. १४०० बाइटची ६४ पॅकेट म्हणजे नव्वद हजार बाइट. १०० एमबीपीएसच्या लाइनवर ती सात मिलिसेकंदांत निघून जातात. राउटरने क्रमांक टाकल्यानंतर व्हॉइसची पॅकेट रांगेत पुढे काढली, की मागे राहिलेली फाइलची पॅकेट विंडोच्या बाहेर पडतात आणि टाकली जातात. एका ऑफिसात हेच चाललं होतं: कॉल सुरू झाला की घरून फाइल उघडणाऱ्यांचं चाक फिरतच राहायचं. आधीच्या माणसाने रिप्ले तपासणी बंद केली, स्पीड आला, बिल लावलं आणि गेला. मी ती परत चालू करून विंडो १०२४ केली. एका कनेक्शनमागे १०२४ बिट, म्हणजे १२८ बाइट मेमरी. तेवढ्यासाठी दार सताड उघडं ठेवलं होतं.

घड्याळाकडे न बघणं

ही माझी खास नावडती चूक, कारण तिने माझे तीन आठवडे खाल्लेत.

वायरगार्ड या व्हीपीएनमध्ये दोन तपासण्या असतात. डेटाच्या पॅकेटवर क्रमांक असतोच, शिवाय हँडशेकच्या (जोडणीआधीच्या ओळखीच्या) पहिल्या संदेशात पाठवणाऱ्याच्या घड्याळातली वेळ असते. सर्व्हर प्रत्येक पीअरची (जोडलेल्या यंत्राची) शेवटची वेळ लक्षात ठेवतो. नव्या हँडशेकमधली वेळ तिच्यापुढची नसेल तर तो जुनाच संदेश कुणीतरी परत पाठवतंय असं समजून सर्व्हर गप्प बसतो. नकार नाही, एरर नाही, काहीच नाही.

लॉकडाउनमध्ये आम्ही काही जणांच्या घरी रास्पबेरी पाय नावाचे छोटे संगणक पाठवले होते, ऑफिसचा बोगदा तिथूनच सुरू व्हायचा. त्यातला एक सिंधुदुर्गात, अकाउंट्समधल्या एका बाईंकडे होता. त्यांची तक्रार विचित्र होती. "लाइट जाऊन आली की व्हीपीएन लागत नाही. थोड्या वेळाने आपोआप लागतो." थोडा वेळ म्हणजे किती? कधी तीन मिनिटं, कधी पाऊण तास. मी इंटरनेटवाल्याला दोष दिला, ॲडॉप्टर बदलला, मेमरी कार्ड बदललं. मधल्या काळात आमच्या एका उत्साही पोराला शोध लागला की सर्व्हरवर वायरगार्ड बंद करून चालू केला की बाईंचं लगेच लागतं. त्याने मला न विचारता दर दहा मिनिटांनी रीस्टार्टचा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) लावून टाकला. बाई खूश. बाकीच्या चाळीस जणांचे कॉल मात्र दर दहा मिनिटांनी गोठायला लागले. साधारण पंधरा सेकंद, कारण समोरून उत्तर येत नाही म्हटल्यावर क्लायंट तेवढं थांबून नवा हँडशेक करतो. आता तक्रारी चाळीस झाल्या.

उलगडा एका रात्री वहीत वेळा मांडल्यावर झाला. लाइट ३:२० ला गेली तर तीन मिनिटं, ३:५० ला गेली तर तेहतीस. दोन्हींतून वजाबाकी केली की ३:१७ उरतात. त्या पायमध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. शेवटची वेळ फाइलमध्ये जपून ठेवायची आणि उठल्यावर तिथूनच पुढे मोजायचं, एवढीच त्याची अक्कल. त्यावरच्या डेबियन लिनक्सवर ही वेळ तासातून एकदा लिहिली जात होती, तासावर १७ मिनिटांनी. पाय उठायचा ३:१७ च्या समजुतीत. सर्व्हरकडे शेवटचा हँडशेक ३:५० च्या आसपासचा. मग पायचं घड्याळ ३:५० ओलांडेपर्यंत सर्व्हर त्याला ओळख देणार कसा?

पण मग नेटवरून खरी वेळ का घेतली जात नव्हती? कारण सगळा ट्रॅफिक बोगद्यातूनच न्यायचा, हा माझा स्वतःचा हट्ट. लाइट आल्यावर फायबरचा डबा चालू व्हायला दोन मिनिटं घ्यायचा, तोवर वायरगार्डने सगळे रस्ते ताब्यात घेतलेले असायचे. वेळ विचारायची तर बोगदा हवा, बोगद्याला वेळ हवी. पोराचा रीस्टार्ट चालायचा तो याचमुळे: सर्व्हरची आठवण मेमरीत असते, रीस्टार्टला ती पुसली जायची.

उपाय तीन, आणि मी तिन्ही करतो. डीएस३२३१ चा घड्याळाचा छोटा बोर्ड लावायचा, त्यावर सेलची तारीख मार्करने लिहायची. वेळेच्या सर्व्हरचा रस्ता बोगद्याबाहेर ठेवायचा. आणि घड्याळ जुळल्याशिवाय वायरगार्ड सुरूच करायचा नाही. लॅपटॉपवाल्यांनी हसू नये. मदरबोर्डचा सेल मेला की त्यांचंही घड्याळ मागे जातं. विंडोजच्या डोमेनमध्ये (ऑफिसच्या सामाईक लॉगिनमध्ये) तर केर्बेरॉस ही ओळख तपासणारी यंत्रणा पाच मिनिटांहून जास्त फरक खपवून घेत नाही, तोही रिप्लेच्याच धास्तीने. पाच मिनिटांची सवलत वाढवून एक तास करणारे महाभागही पाहिलेत. त्यांच्याशी मी वाद घालत नाही, घड्याळ जुळवून देतो.

एकच कॉन्फिग फाइल दोन यंत्रांवर

लॅपटॉपची फाइल फोनवर टाकायची, म्हणजे नवी किल्ली (यंत्राची गुप्त ओळख) बनवायचे दोन मिनिटांचे कष्ट वाचतात. मग दोघं एकमेकांना हाकलतात, आणि ज्याचं घड्याळ मागे त्याचा हँडशेक सर्व्हरला रिप्ले वाटतो. एक यंत्र, एक किल्ली. यावर मी तडजोड करत नाही.

वेग हवा म्हणून अर्ली डेटा चालू करणं

वेबसाइटच्या संवादाला कुलूप लावणाऱ्या टीएलएस १.३ (२०१८) मध्ये झीरो आरटीटी, म्हणजेच अर्ली डेटा नावाची सोय आहे: ओळखीचा क्लायंट पहिल्याच फेरीत विनंती पाठवून देतो. त्या पहिल्या फेरीतल्या विनंतीला बाकी टीएलएससारखं रिप्लेपासून संरक्षण नाही, हे आरएफसी ८४४६ मध्येच लिहिलंय. पान बघायला ठीक. पण घरून भरायच्या खर्चाच्या बिलांच्या पोर्टलपुढे ती चालू असेल, तर 'मंजूर करा' ही विनंती दुसऱ्यांदा पाठवता येऊ शकते. एन्जिन-एक्स या वेब सर्व्हरमध्ये ती मुळात बंद असते. कुणी ब्लॉग वाचून चालू केली असेल तर बंद करा. ठेवायचीच असेल, तर काही बदलणाऱ्या विनंत्यांना ४२५ ('फार लवकर') हे उत्तर देऊन परत पाठवायला लावा.

बाकीच्या, पटापट

वायफायचा पासवर्ड बदलून क्रॅक हल्ला थांबत नाही. २०१७ मध्ये उघड झालेला तो हल्ला हँडशेकचा तिसरा संदेश परत परत पाठवून जुनी किल्ली पुन्हा बसवायला लावतो. औषध आहे अपडेट, आणि तो राउटरपेक्षाही लॅपटॉप-फोनला हवा. सातआठ वर्षांचा अँड्रॉइड ऑफिसच्या कामाला नको.

रिप्ले वेगळा, रिले वेगळा. रिलेमध्ये तुमचा ताजा संदेश त्याच क्षणी दुसऱ्या दाराला नेऊन लावतात, तिथे क्रमांक आणि घड्याळ कामाला येत नाहीत.

आणि ॲपमधला लॉगिनचा सहा आकडी कोड. तो ३० सेकंदांनी बदलतो म्हणून आपोआप एकदाच चालतो, असं समजू नका. एकदा वापरलेला कोड पुन्हा घ्यायचा नाही, असं २०११ च्या आरएफसी ६२३८ मध्ये स्पष्ट लिहिलंय, पण ते पाळायचं काम सर्व्हरचं. तपासायला अर्धा मिनिट लागतो: दोन ब्राउझर शेजारी उघडा, एकात लॉगिन करा आणि तोच कोड लगेच दुसऱ्यात टाका. दुसऱ्यातही आत गेलात, तर आजच सॉफ्टवेअरवाल्याला फोन करा.