उपवासकाळातलं आत्मपरीक्षण: या चुका टाळा

ईस्टरआधीचा ख्रिस्ती उपवासकाळ राखेच्या बुधवारी सुरू होतो. त्या दिवशी कपाळावर राख लावताना धर्मगुरू म्हणतात, ‘पश्चात्ताप करा आणि सुवार्तेवर विश्वास ठेवा.’ आपण पहिले दोनच शब्द घेऊन घरी येतो आणि स्वतःला बोल लावत बसतो.

खंतीलाच पश्चात्ताप समजणं

माझ्या मते सगळ्यात घातक चूक हीच. येशूला पैशांसाठी पकडून देणारा शिष्य यहूदा, त्यालाही पस्तावा झाला होता. ‘मी पाप केलं’ असं त्याने कबूल केलं, चांदीची 30 नाणी मंदिरात फेकून दिली. येशूला ओळखतच नाही असं म्हणणारा शिष्य पेत्रही कोंबडा आरवल्यावर ढसाढसा रडला. पण यहूदा आपलं दुःख घेऊन एकटाच निघून गेला. पेत्र बाकीच्या शिष्यांतच राहिला, आणि पुढे सरोवराकाठी येशूने त्याला तीनदा विचारलं, ‘तू माझ्यावर प्रेम करतोस काय?’ त्याने नाकारलंही तीनदाच होतं. पश्चात्तापासाठी बायबलच्या जुन्या करारात येणाऱ्या ‘शूव’ या हिब्रू क्रियापदाचा अर्थच मुळी ‘माघारी फिरणं’ असा आहे.

तीच ती चूक रोज उगाळली जात असेल तर क्रम बदलून पाहा. संत इग्नाती लोयोला यांच्या आत्मपरीक्षणात पहिली पायरी देवाचे आभार मानण्याची आहे. मग त्याच्याकडे प्रकाश मागायचा आणि त्यानंतर दिवस तपासायचा. कबूल केलेलं जुनं पाप तरीही छळत राहिलं तर धर्मगुरूंशी मोकळेपणाने बोला. झोप, जेवण सुटलं असेल तर डॉक्टरांकडेही जा. त्यात विश्वासाची उणीव नाही.

मोघम कबुली

‘मी पापी आहे’ म्हणायला काहीच लागत नाही. नाथान संदेष्ट्याच्या गोष्टीतल्या, गरिबाची मेंढी लुबाडणाऱ्या श्रीमंतावर, स्वतः दुसऱ्याची बायको घेतलेला दावीद राजा भडकला. ‘तो मनुष्य तूच आहेस’ हे ऐकेपर्यंत त्याला स्वतःचं काही दिसलं नव्हतं. म्हणून कोणाशी, काय, केव्हा, हे लिहून काढा. मिस्सेतल्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेतल्या, कबुलीच्या प्रार्थनेत विचार, शब्द आणि कृती यांच्या जोडीला कर्तव्यातली कसूरही येते. टाळलेली विचारपूस, थकवलेली मजुरी आपल्या यादीत क्वचितच सापडते.

देवाची क्षमा मागून माणसाला वगळणं

भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर अर्पण वेदीपुढेच ठेव आणि आधी त्याच्याशी समेट कर, असं येशू सांगतो (मत्तय 5:23-24). जक्कय या जकातदाराने तर लुबाडलेलं चौपट परत करण्याचं वचन दिलं. मात्र आपल्या भेटीने समोरच्याची जखम पुन्हा उघडणार असेल तर हट्टाने दारात उभं राहू नका. क्षमा मागणं आपल्या हाती, देणं त्याच्या.

उपवासाची वही ठेवणं

आवडीचा पदार्थ सोडला आणि चिडचिड घरच्यांवर काढली, तर तो उपवास त्यांनाच घडतो.

निम्मा काळ हातून गेला असेल तर भरपाई म्हणून दुप्पट उपाशी राहू नका. राखेच्या बुधवारपासून पवित्र शनिवारपर्यंत 46 दिवस होतात. पुनरुत्थानाचा वार म्हणून 6 रविवार वगळले की 40 उरतात. ज्याच्याशी बोलणं तुटलंय त्याच्याकडे येत्या रविवारी जाता येईल.