गावातल्या जुन्या चर्चची नोंद कशी करावी

विदर्भातील एखाद्या खेड्यातले जुने चर्च, मग ते लूथरन (मार्टिन लूथरच्या शिकवणीतून निघालेल्या प्रोटेस्टंट पंथाचे) असो वा अन्य पंथाचे, अभ्यासायचे ठरवल्यास सुरुवात इमारतीपासून न करता बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदवह्यांपासून करावी. पाळकसाहेबांची परवानगी घेऊन पहिली तारीख, हस्ताक्षर कुठे बदलते आणि नोंदी मराठीत कधीपासून होऊ लागतात, हे टिपून घ्यावे. पंथ मात्र आजच्या पाटीवरून ठरवू नये. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात वेगवेगळ्या पंथांच्या सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, त्यामुळे पाटीवरचे नाव मूळ पंथाचे असेलच असे नाही. लूथरन मंडळ्या त्या एकीकरणात नव्हत्या.

त्यानंतर भिंतीशी अगदी जवळ उभे राहावे. काळ्या दगडांमधील चुन्याच्या दरजा पांढुरक्या आणि मऊ असतात, तर नंतरच्या डागडुजीचे सिमेंट करडे व टणक असते. ही सीमा आराखड्यावर काढली की वाढीव भाग आपोआप वेगळा होतो. छतावर कवेलू (गावठी कौले) आहेत की मंगळुरी कौले, हेही पाहावे, कारण मंगळुरी कौलाच्या खालच्या बाजूस बहुधा कारखान्याचा शिक्का असतो.

आत वेदी, उपदेशपीठ आणि बाप्तिस्म्याचे कुंड यांची परस्परांपासूनची अंतरे टेपने मोजावीत. कोनशिलेची अक्षरे पुसट असल्यास त्यांवर खडू चोळू नये (हा मोह सर्वांनाच होतो). सकाळच्या तिरप्या उन्हात छायाचित्र घेतल्यास ती स्वच्छ वाचता येतात. घंटेवरील मजकुरासाठी शिडी लागते, आणि ती धरायला दुसरा माणूस हवाच.