जुनं शिलाई मशीन वाचवायचंय? आधी चाकाला जोर लावणं बंद करा

काळं मशीन, त्यावर सोनेरी वेलबुट्टी, असं काही दिसलं की हात शिवशिवतात हे मला माहितीये, पण घ्यायच्या आधी पाच मिनिटं शांतपणे बघा. बाजूचं चाक फिरतं का? नसेल फिरत तर लगेच सोडून देऊ नका, कारण बऱ्याचदा ते गंजाने नाही तर वाळलेल्या तेलाने धरलेलं असतं, वर्षानुवर्षं मशीन नुसतं पडून राहिलं की आतलं तेल घट्ट होतं आणि डिंकासारखं बसतं. आणि उलटा प्रकार, चाक गरागरा फिरतं पण सुई जागची हलत नाही, विकणारा म्हणतो आतून तुटलंय, तर चाकाच्या मधोमध जो गोल नॉब असतो तो घट्ट करून बघा. बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याची छोटी रीळ, भरताना तो ढिला करतात आणि मग कोणी आवळतच नाही. माझ्याकडचं एक मशीन फक्त एवढ्यासाठी भंगारात निघालं होतं!

घाबरायचं ते हरवलेल्या पार्टना. बॉबिन केस आहे का, खालची सरकती पट्टी आहे का, आणि सिंगरच्या २७, २८, १२७, १२८ या मॉडेलमध्ये बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं शटल, म्हणजे खालचा दोरा नेणारा भाग, आणि त्यात लांब बारीक बॉबिन असते, ती आहे का ते आधी बघा. सुईचंही तसंच. सिंगर १५, ६६, २०१ यांना आजची साधी घरगुती सुई चालते, पण सिंगर १२ सारख्या फार जुन्या मशीनची सुई वेगळी असते आणि ती शोधताना जीव जातो. पहिलंच मशीन असेल तर माझं ऐका, १५ घ्या.

सिंगरवर उजवीकडे सपाट भागावर नंबर कोरलेला असतो, तो म्हणजे मॉडेल नंबर नाही, सिरियल नंबर, त्यावरून बनवल्याचं साल काढता येतं. नुसतेच आकडे, पुढे अक्षर नाही, तर मशीन साधारण १९०० च्या आधीचं. पण जुनं म्हणजे महागडं असं डोक्यात घेऊ नका, स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या एकट्या कारखान्यातून १९१३ साली जवळपास १३ लाख मशीन बाहेर पडली होती, दुर्मिळ कुठून असणार? १९३३ ला आलेलं २२१ म्हणजे फेदरवेट मात्र वेगळं, ॲल्युमिनियमचं, जेमतेम ५ किलोचं, त्याला गिऱ्हाईक कायम असतं.

आता अडकलेलं मशीन सोडवायचं. जिथे जिथे लोखंडावर लोखंड घासतं तिथे तेल, वरची सगळी भोकं, डावीकडची पत्र्याची प्लेट काढून आतला सुईचा दांडा, मग मशीन मागे कलवून खालचा सगळा भाग. तेल शिलाई मशीनचंच, खोबरेल किंवा स्वयंपाकाचं अजिबात नको, त्यानेच तर पुढच्या माणसासाठी डिंक तयार होतो. फारच घट्ट असेल तर आधी रॉकेलचे थेंब, पण रॉकेलने नुसती घाण सुटते, वंगण होत नाही, म्हणून नंतर पुसून तेल द्यायचंच. रात्रभर सोडा. सकाळी चाक केसभर पुढे, केसभर मागे. नाही हललं तर परत तेल, परत रात्र. नुसतं तेल असेल तर हेअर ड्रायरची ऊब देता येते, रॉकेल लावलेलं असताना मात्र ड्रायर जवळ आणू नका. पाना लावून जोर केलात तर काहीतरी मोडेल आणि ते तुमच्या हातून मोडलेलं असेल. माझं एक तर आठ दिवस हललं नाही, नवव्या दिवशी शटलच्या मागे गुंतलेला दोऱ्याचा तुकडा चिमट्याने निघाला आणि काम झालं, म्हणजे आधी तिथेच बघायला हवं होतं. कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांखालचा कचरा पण काढा, दाबून दाबून त्याची नमद्यासारखी वडी झालेली असते.

चाक काढलंत तर आतल्या चकतीचा फोटो आधी काढून ठेवा. ती उलटी बसली की बॉबिन भरताना सुई थांबत नाही, किंवा चाक नीट पकडतच नाही. तसं झालं तर अर्धी फिरवून परत लावा.

वेलबुट्टीबद्दल एकच, स्पिरिट लावू नका. मी लावलंय. जुन्या मशीनवर शेलॅकचा, म्हणजे लाखेच्या पॉलिशचा, थर असतो, तो स्पिरिटने विरघळतो, आणि बघता बघता अर्धं सोनं माझ्या कापसावर आलं. मशीनचं तेल आणि मऊ कापूस, हळूहळू, तेही आधी मागच्या कोपऱ्यात करून बघायचं. चमकवायच्या नादात जुनेपणा घालवू नका, थोडे ओरखडे राहू द्या की.

मोटरवालं असेल तर प्लग लावायच्या आधी वायर बघा, वरचं रबर तडकलेलं असेल तर बदलल्याशिवाय करंट द्यायचाच नाही. पायावरच्या मशीनला ही कटकट नाही, तिथे चामड्याचा पट्टा बदलला की झालं, फक्त तो जास्त ताणून लावू नका, पाय जड होतो.

शेवटी नवी सुई. तिची लांब खाच दोरा ज्या बाजूने ओवायचा त्या बाजूला येते, सपाट बाजू तिच्या विरुद्ध. दाबपट्टी वर करून दोरा ओवा, म्हणजे टेन्शनच्या, दोऱ्याला ताण देणाऱ्या, चकत्या उघड्या असतात आणि दोरा त्यांच्यात नीट बसतो. पहिला टाका जाड सुती चिंधीवर, चाक हाताने फिरवून. खाली दोऱ्याचं जाळं झालं तर बॉबिनला शिव्या घालू नका, बहुतेक वेळा वरचाच दोरा चुकलेला असतो, काढा आणि परत ओवा.